‘बॅटल फॉर वेसनॉथ’: पहिल्या मोहिमेत सैन्य जगवायचं कसं

कराडात माझं औषधांचं दुकान आहे. रात्री शटर ओढलं, गल्ला मोजला की तासभर हा खेळ, असं गेलं वर्षभर चाललंय. लॅपटॉप दुकानाच्या बिलांसाठी घेतलेला, नऊ वर्षांचा जुना, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला. त्यावरही ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ अगदी सुरळीत चालतो. डेव्हिड व्हाइट यांनी 2003 मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आणला. तेव्हापासून स्वयंसेवक तो वाढवत आलेत. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर तो फुकट मिळतो, मध्येच पैसे मागत नाही, जाहिरात दाखवत नाही.

षट्कोनी घरांचा पट, एल्फ, ऑर्क, जादूगार, सांगाडे, आणि एकेक टर्न घेत चालणारी लढाई. दिसायला साधा आहे. पण नवा माणूस पहिल्या तीन-चार लढायांतच सोडून देतो, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे परीक्षण मी मुख्यतः नवख्यांसाठी लिहितोय.

माझी सुरुवात ‘एअर टू द थ्रोन’ या मोहिमेने झाली. एल्फांनी वाढवलेला कॉनराड, त्याचा म्हातारा गुरू डेल्फॅडर आणि चहूबाजूंनी चालून येणारे ऑर्क. मी जमेल तेवढे एल्फ उभे केले आणि भिडलो. तीन वेळा हरलो. सुट्टीत आलेला भाचा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, “मामा, यात पळायचंय. काय करायचंय ते वाचलंस का?” खरंच, त्या पहिल्या लढाईत कॉनराडला खुणेच्या पाटीपर्यंत पोचवलं की झालं, शत्रूला मारायची गरजच नाही. तेव्हापासून प्रत्येक लढाईच्या सुरुवातीला मी कंट्रोल आणि जे दाबून उद्दिष्टं वाचतो. किती टर्न आहेत, कोण मेलं तर हार, हे आधी बघतो आणि मग सैन्य भरती करतो.

तुम्ही मात्र तिथून सुरुवात करू नका, ती मोहीम फार लांब आहे. आधी ट्युटोरियल, मग ‘द साउथ गार्ड’, तीही सर्वांत सोप्या पातळीवर. डिओरन नावाचा तरुण अधिकारी दक्षिण सीमेवर येतो आणि त्याच्याबरोबर आपणही शिकत जातो.

शिकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे घड्याळ. सहा टर्नचा एक दिवस असतो: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. माणसांचे बहुतेक सैनिक सकाळ-दुपारी 25 टक्के जोरात मारतात आणि रात्री तेवढेच हलके पडतात. ऑर्कांचं बरोबर उलटं. आपला भालेकरी मूळ 7 चा घाव तीनदा घालतो, ऑर्क ग्रंट 9 चा दोनदा. दिवसा भालेकऱ्याचा घाव 9 होतो आणि ग्रंटचा 7. रात्री भालेकरी 5 वर येतो, ग्रंट 11 वर जातो. सगळे घाव बसले असं धरलं तर दिवसा 27 विरुद्ध 14, रात्री 15 विरुद्ध 22. माणसं तीच, पटही तोच. हे एकदा वहीत मांडून पाहिलं आणि माझं खेळणंच बदललं.

म्हणून संध्याकाळ झाली की मागे या. गावात, डोंगरावर, किल्ल्यात उभे राहा. मोकळ्या गवतावर आपल्या माणसाला घाव बसण्याची शक्यता 60 टक्के, गावात 40, आणि उथळ पाण्यात 80. नदीच्या अलीकडे थांबून शत्रूला पाण्यात उभं राहून लढायला लावलं तर अर्धं काम नदीच करते. संगणक सहसा वाट पाहत नाही, तो तुटून पडतो. उजाडेपर्यंत त्याला येऊ द्या. कंट्रोल आणि व्ही दाबलं की शत्रू पुढच्या टर्नला कुठवर पोचेल ते पटावर दिसतं. त्या कक्षेत एकटा माणूस ठेवू नका.

आता बाजीबद्दल. या खेळात सैनिकाचं नाव बदलता येतं. ‘साउथ गार्ड’मधला माझा एक भालेकरी पहिल्या लढाईपासून टिकला होता, त्याचं नाव मी बाजी ठेवलं. वरच्या लेव्हलला जायला त्याला थोडेच गुण कमी होते. पुढे सांगाडे आले तेव्हा वाट अडवायला मी त्यालाच पुढे केलं, तेही रात्री. सांगाड्यावर भाल्याचा 60 टक्के मार वाया जातो. त्यात रात्र. बाजीचा प्रत्येक घाव दोनचा पडत होता, आणि सांगाड्याची ताकद चौतीस. दुसऱ्या प्रहरी तो गेला. मी लॅपटॉप मिटला आणि त्या रात्री पुन्हा उघडला नाही. सांगाड्यांपुढे गदा किंवा आग लागते, म्हणजे हेवी इन्फन्ट्री किंवा जादूगार. शत्रूवर उजवी क्लिक करून त्याची माहिती वाचली असती तर हे तिथेच कळलं असतं.

बाजी जाण्याचं नुकसान पुढेही भोगावं लागतं, कारण वाचलेले सैनिक पुढच्या लढाईत परत बोलावता येतात. नवा भालेकरी 14 सोन्याला. पण लेव्हल दोनचा पाइकमनसुद्धा, म्हणजे बढती मिळालेला भालेकरी, 20 सोन्यात परत येतो. लढण्याने थोडे गुण मिळतात, शेवटचा घाव घालण्याने बरेच: लेव्हल एकच्या शत्रूला मारलं की 8. म्हणून शेवटचा घाव सेनापतीला घालू देऊ नका, बढतीच्या जवळ आलेल्या पोराला द्या. बढती मिळताच त्याच्या जखमाही भरून येतात. माझ्या मते सगळ्यांत आधी एका जादूगाराला व्हाइट मेज करावा. शेजारी उभ्या असलेल्या जखमींना तो दर टर्नला 8 ने बरं करतो.

सोन्याचं थोडक्यात: गावं लवकर घ्या, ती सोनं देतात आणि सैन्याचा खर्चही उचलतात. बहुतेक लढायांत उरलेल्यापैकी 40 टक्के पुढे जातं आणि लवकर जिंकलं तर वर बक्षीस. त्यामुळे जिंकत असताना आणखी भरती करू नका.

नशिबाबद्दल बऱ्याच जणांची तक्रार असते. 60 टक्के शक्यता असलेले तिन्ही घाव चुकतात तेव्हा राग येतोच. हिशेब केला तर हे सोळा वेळांत एकदा घडणारच. लढाईत असे शंभर हल्ले होतात. चुकल्यावरही तो माणूस वाचेल अशा जागी उभा आहे का, एवढंच आपल्या हातात असतं. प्रत्येक टर्नला खेळ आपोआप सेव्ह होतो. एक घाव चुकला म्हणून मागे जाऊ नका, त्यातून काही शिकायला मिळत नाही. चूक जिथे सुरू झाली त्या टर्नपर्यंत, तीन-चार टर्न मागे जा.

उणिवाही आहेत. संवाद लांब असतात, काही लढाया तासनतास चालतात, आणि शेवटी शेवटी पळणाऱ्या एकट्या शत्रूला शोधत फिरणं कंटाळवाणं होतं. तरी पाचपैकी साडेचार तारे देईन.

भाच्याने पुण्याला परतल्यावर तोही उतरवून घेतलाय. मी ‘साउथ गार्ड’ पुन्हा पहिल्यापासून लावलीय. एका भालेकऱ्याचं नाव परत बाजी ठेवलंय. तो सध्या गावात, जादूगाराच्या शेजारी उभा आहे, आणि पहाट व्हायला एक टर्न बाकी आहे.