एसीतला गॅस ‘संपतो’ म्हणणाऱ्यांना मी 10,150 रुपये दिले

2024 चा नवतपा, मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस. नागपुरात राहणाऱ्यांना यापुढे काही सांगायला नको. बाबांना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे. कूलरच्या ओलसर हवेनं त्यांना धाप लागते, म्हणून 2021 मध्ये त्यांच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी लावला. एरवी आमचं घर वाळ्याच्या ताट्यांवर वाढलेलं. एसीच्या आत काय चालतं, याची घरात कोणालाच गंधवार्ता नव्हती.

त्या दुपारी एसी चालू होता, पण हवा नावापुरती येत होती. बाबा घामानं भिजलेले. वॉरंटी कार्ड शोधायला गोदरेजचं कपाट उपसायला हवं होतं. त्याऐवजी मी फोनवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर नागपूर’ असं टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. पलीकडची मुलगी अदबीनं म्हणाली, “मॅडम, आपला एसी कोणत्या कंपनीचा आहे?”

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केल्यावर कंपनी कोणती हे ते मलाच विचारतात! मीही मुकाट्यानं सांगून टाकलं. आज हसू येतं, त्या दिवशी फक्त घाई होती.

तासाभरात माणूस आला. निळा शर्ट, पाठीवर बॅग, शर्टावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. फिल्टरची जाळी त्यानं उघडूनही बघितली नाही. सरळ गच्चीवर बाहेरच्या युनिटकडे गेला, मीटरची नळी लावली आणि मला बोलावून काटा दाखवला. “बघा ताई, 95 आहे. दीडशे पाहिजे. गॅस खतम झाली.” मग हिशेब, पीएसआयमध्ये, म्हणजे गॅसच्या दाबाच्या मापात: एका पीएसआयला 60 रुपये, 55 पीएसआय कमी, म्हणजे 3,300. व्हिजिटचे 350 वेगळे. मी म्हटलं, तीनच वर्षं झालीत. तो म्हणाला, “रोज चालवता ना? चालवली की गॅस जळते.”

एसीतला गॅस जळत नाही, आटत नाही, वापरानं कमी होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. दहा वर्षांनीही तो तेवढाच असायला हवा. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच भोकातून निघून जातो. हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

आणि तो काटा? त्यानं खोटं काही दाखवलं नव्हतं, काटा खरोखर 95 वर होता. पण जाळी आणि ब्लोअर (आतला पंखा) धुळीनं चोंदले की आतल्या कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइल नको तितकी गार पडते आणि गॅस पुरेपूर असूनही काटा खाली येतो. शिवाय इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्याबरोबर काटाही हलतो. नुसत्या काट्यावरून गॅस किती ते ठरत नाही. गॅस मोजतात वजनानं. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. आमच्या पट्टीवर आर-32 आणि 750 ग्रॅम आहे. पीएसआयच्या भावानं गॅस विकणं म्हणजे दूधवाल्यानं लिटर सोडून पातेल्यातल्या फेसाच्या उंचीवर पैसे लावण्यासारखं. तरी हा भाव सर्रास चालतो, कारण आकडा दिसतो आणि गुणाकार करता येतो.

त्याच्याकडे वजनकाटा नव्हता. एका छोट्या डब्यातून दोन-तीन मिनिटं काहीतरी सोडलं. नंतर, “आलोच आहे तर”, जाळी धुऊन ब्लोअरवर पाणी मारलं. गारवा आला तो या धुण्यानं. असं पाण्याच्या जोरानं धुण्याचे, म्हणजे जेट सर्व्हिसचे, आमच्या भागात तेव्हा सहाशे ते आठशे घेत. पावती मागितली तर “व्हॉट्सॲपवर येईल”. पैसे यूपीआयनं कोणा माणसाच्या नावे गेले. बाबा मात्र त्या रात्री शांत झोपले, आणि मी त्या माणसाला फोन करून धन्यवादसुद्धा दिले.

अकराव्या दिवशी एसी पूर्ण बंद. खोलीतल्या युनिटवर एक कोड लुकलुकतोय. त्याच नंबरवर फोन, या वेळी दुसरा माणूस. त्यानं पॅनल उघडलं, वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, “पीसीबी उडाली. नवी टाकली तर बारा हजार, रिपेअर करून साडेसहा.” पीसीबी म्हणजे एसी चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. तीन हजार आगाऊ घेतले आणि पीसीबी काढून घेऊन गेला. चौथ्या दिवशी आणून बसवली, उरलेले साडेतीन हजार घेतले. गॅसही ‘थोडा मारला’, त्याचे मात्र पैसे घेतले नाहीत. मला तो भला वाटला. एसी दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी नंबर लागेना.

मग मी कपाट उपसलं.

कार्डावर स्पष्ट छापलं होतं: कॉम्प्रेसरला दहा वर्षं, पीसीबीला पाच. म्हणजे पीसीबी खरंच उडाली असती तरी ती मला फुकट मिळाली असती. (गॅस आणि मजुरी वॉरंटीत नाही, तेही बारीक अक्षरात होतं. ‘दहा वर्षांची वॉरंटी’ ऐकून आपण सगळं फुकट धरतो, तसं नसतं.) कार्डावरच्या नंबरवरून कंपनीचा खरा माणूस आला. पॅनल उघडताच म्हणाला, “ताई, ही पीसीबी या मॉडेलची नाहीच. जुनी, दुसऱ्या एसीतली आहे.” आमची मूळ पीसीबी कुठल्या तरी घरात ‘रिपेअर करून’ साडेसहा हजारांना बसली असणार. बाहेरच्याचा हात लागल्यामुळे वॉरंटी नाकारली. मी वाद घातला, पण सिरियल नंबर जुळत नव्हता, त्यापुढे बोलणं खुंटलं.

त्यानं गच्चीवर साबणाचं पाणी लावलं. जिथे पहिल्या माणसानं नळी लावली होती तिथल्या व्हॉल्व्हच्या पिनवर बुडबुडे. तिच्यावर एक पितळी टोपी असते, ती नव्हती. आमच्या एसीत गळती नव्हतीच. पिन सैल ठेवून आणि टोपी न लावून गळती त्या भेटीतच तयार झाली. तो कोड गॅस कमी झाल्याचा होता, म्हणजे पीसीबी बहुधा धडधाकट होती. मुद्दाम केलं की निष्काळजीपणा, हे मी सांगू शकत नाही. दुसऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र मला शंका नाही.

नवी पीसीबी 8,200. पिन बदलून, व्हॅक्यूम पंप लावून, वजनकाट्यावर मोजून 750 ग्रॅम गॅस, 3,100. हे पक्क्या बिलावर. आधीचे 10,150 धरून 21,450. बिघाड मुळात धुळीचा होता.

तेव्हापासून मी चोंबडी झाले आहे. शेजारी कोणाकडे एसीवाला आला की जाऊन उभी राहते. परवा समोरच्या काकूंच्या जुन्या, साध्या एसीला ‘कॅपेसिटर गेला, 1,800’ असं चाललं होतं. कॅपेसिटर, म्हणजे मोटर सुरू करायला लागणारा छोटा भाग, खरंच जातो, उन्हाळ्यात तर हमखास. पण इलेक्ट्रिकलच्या दुकानात त्यावरचा आकडा दाखवला की दोन-तीनशेत मिळतो. काकूंनी माझ्यासमोर विचारलं, “जुना मला देऊन जाशील ना रे?” भाव लगेच 700 वर आला. मला त्या वेळी फक्त एवढंच सुचायला हवं होतं: काढलेला भाग घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, गेलाच तर आधी त्याच्या नंबरचा फोटो. आणि गॅसचं नाव निघालं की, “गळती कुठे आहे ते दाखवा, मग वजन करून भरा.” हे म्हटल्यावर माझ्याकडे आलेल्या त्या दोघांपैकी एक जण तरी दुसऱ्या कॉलचं निमित्त करून निघून गेला असता, याची मला खात्री आहे.

1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार केली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, समोरच्या पक्षाचं नाव आणि पत्ता काय? माझ्याकडे एक बंद मोबाइल नंबर आणि यूपीआयवरचं एक नाव होतं. व्हॉट्सॲपवर येणारी पावती आलीच नव्हती. ज्या कंपनीचं नाव मी टाकलं होतं तिचा या माणसांशी काडीचा संबंध नव्हता. रकाना रिकामाच राहिला.

बाबांच्या खोलीतला एसी आता ठीक आहे. दर पंधरा दिवसांनी जाळी मी धुते, नळाखाली, दहा मिनिटांत.