निंबोळी तेल आणि घरातली झाडं: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. पिठ्या ढेकूण (मिलीबग), मावा आणि लाल कोळी यांच्यावर निंबोळी तेल चांगलं चालतं. खवले किडीवर मध्यम, थ्रिप्सवर (फुलकिडे) जेमतेम. कुंडीतल्या मातीवर उडणाऱ्या चिलटांसाठी घेत असाल तर घेऊच नका. हे सगळं घाण्याच्या कच्च्या तेलाबद्दल आहे आणि मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, होया, अलोकेशिया, कॅलेथिया या घरात वाढणाऱ्या झाडांवरच्या वापरावरून लिहिलं आहे.

घेताना एक बघा. एकाच नावाने दोन वेगळी तेलं विकली जातात. कच्चं तेल गडद, दाट आणि लसणीसारख्या उग्र वासाचं असतं. शुद्ध केलेलं फिकट असतं, वासही कमी, पण त्यातलं अझाडिरॅक्टिन (किडीवर काम करणारा मुख्य घटक) बहुतेक काढून घेतलेलं असतं. असं तेल किडीच्या अंगावर थर चढवून तिला गुदमरवतं, बस. कच्च्या तेलातल्या अझाडिरॅक्टिनमुळे कीड खाणं कमी करते आणि पिल्लांना नीट कात टाकता येत नाही. म्हणून परिणाम सावकाश दिसतो. दुसऱ्या दिवशी कीड चालताना दिसली म्हणून बाटलीला नावं ठेवू नका, आठवड्या-दीड आठवड्याने नवी पिल्लं कमी झाली का ते तपासा. लेबलवर पीपीएमचा आकडा असेल (१०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का अझाडिरॅक्टिन), तर ते तयार औषध आहे. त्याला पुढचं माप लावायचं नाही, लेबलवरचंच पाळायचं.

सगळ्यात जास्त गडबड होते ती मिश्रणात. १ लिटर कोमट पाणी घ्या, त्यात आधी २ मिली पोटॅशियम साबण (बागेसाठी मिळणारा द्रव साबण) विरघळवा, मग ५ मिली तेल बारीक धारेने सोडत बाटली जोरात हलवा. पाणी दुधाळ झालं पाहिजे. वर पिवळे थेंब तरंगताना दिसले तर फवारू नका. तेच थेंब पानावर बसतात आणि तिथे तपकिरी डाग पडतात, दोष मात्र सगळा तेलाला मिळतो. पाणी जड असेल तर साबण फाटतो आणि पांढरट साय येते, अशा वेळी गाळलेलं किंवा पावसाचं पाणी वापरा. भांड्यांचा लिक्विड सोप चालतो असं सर्रास सांगितलं जातं. तो खरं म्हणजे डिटर्जंट असतो आणि पानावरचा मेणाचा थर काढतो. होयासारख्या जाड पानांना फारसं कळत नाही, कॅलेथियाच्या कडा मात्र लगेच करपतात. थंडीत तेल गोठलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर कधीच नाही. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा, उद्यापर्यंत त्यातला दम जातो.

फवारणी संध्याकाळी करावी. ऊन आणि तेल एकत्र आले की पान भाजतं, शिवाय अझाडिरॅक्टिन उजेडात लवकर नष्ट होतं. झाड तहानलेलं नको, आदल्या दिवशी पाणी घालून ठेवा. आधी एका पानावर फवारून दोन दिवस थांबा, नेचे आणि कॅलेथिया असतील तर हे टाळूच नका. मुख्य फवारा पानाच्या खालच्या बाजूला, देठाच्या बेचक्यात आणि नव्या कोंबाच्या गुंडाळीत गेला पाहिजे. वरून पान चकचकीत दिसेपर्यंत मारलेला फवारा म्हणजे तेल वाया. दर काही मिनिटांनी बाटली हलवत राहा. वास दोन दिवस घरात राहतो, हे घरातल्यांना आधी सांगितलेलं बरं.

पिठ्या ढेकणावर सुरुवातच तेलाने करू नका. त्याच्या अंगावरच्या मेणकट कापसावरून पाणी घसरून जातं. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने दिसतील तेवढे पुसून काढा, मग फवारा. अंड्यांच्या एका पुंजक्यात शेकडो अंडी असू शकतात, म्हणून दर ७ दिवसांनी, किमान चार वेळा फवारणी लागते. एवढं करूनही पुन्हा पुन्हा येत असेल तर झाड कुंडीतून काढून मुळं बघा. कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरी भुकटी दिसली तर ढेकूण मुळांवर आहे आणि वरून कितीही फवारलं तरी त्याला काही होत नाही.

कोळ्यासाठी आधी पानाखाली पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, जाळी धुऊन काढायची, मग तेल. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. उष्ण, कोरड्या हवेत त्याची पिढी आठवड्याभरात तयार होते, त्यामुळे दोन फवारण्यांमध्ये ४–५ दिवसच ठेवा.

थ्रिप्सच्या बाबतीत तेलाची मर्यादा उघडी पडते. मॉन्स्टेराच्या पानावर चंदेरी ओरखडे आणि त्यांवर काळे, वार्निशसारखे चकाकणारे ठिपके दिसले की समजा तो आलाय. ठिपके त्याच्या विष्ठेचे असतात. मादी अंडी पानाच्या आत घालते आणि बहुतेक जातींचे कोष मातीत पडतात. म्हणजे फवारणीच्या वेळी कीड पानावर असते तितकीच पानाच्या आत आणि कुंडीत असते, आणि तेल पोहोचतं फक्त पानावर. दर ५ दिवसांनी फवारणी, सर्वात खराब पानं कापून टाकणं आणि निळे चिकट सापळे, इतकं केल्यावर संख्या घटते. ती संपवायला स्पिनोसॅड (जिवाणूंपासून मिळणारं कीटकनाशक) लागतं, कारण ते पानाच्या पेशींत थोडं मुरतं. मात्रा लेबलप्रमाणे. ओलं असताना ते मधमाश्यांना घातक आहे, त्यामुळे फवारलेलं झाड लगेच गॅलरीत ठेवू नका.

खवले किडीत फक्त नव्या, चालत्या पिल्लांवर तेल चालतं. कवचाखालच्या माद्या नखाने किंवा मऊ टूथब्रशने खरवडूनच काढाव्या लागतात.

चिलटांच्या अळ्या मातीत, वरच्या थरात असतात. वरची २–३ सेंमी माती दोन पाण्यांमध्ये पूर्ण सुकू द्या आणि पाण्यातून बीटीआय (बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, अळ्या मारणारा जिवाणू) द्या. पिवळे सापळे उडणारे प्रौढ पकडतात, अळ्यांना हातही लावत नाहीत.

सतत वापराचा एक तोटा: तेलाचा थर साठतो, त्यावर धूळ चिकटते आणि पानं मरगळलेली दिसतात. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसाव्या लागतात. कीड नसताना 'खबरदारी' म्हणून दर आठवड्याला फवारणं मला पटत नाही, त्यापेक्षा पुसतानाच पानाखाली भिंगातून बघणं जास्त उपयोगी पडतं. बाटली गार, अंधाऱ्या जागी ठेवा आणि वर्षभरात संपेल इतकीच घ्या.