बारीक स्क्रूंसाठी लॉकटाइट २२२: चार महिन्यांच्या वापरानंतर

शिलाई मशीनच्या मोटरची पट्टी धरणारे ३ मिलिमीटरचे स्क्रू दर पंधरवड्याला सैल होऊन खडखडत असत आणि स्प्रिंग वॉशर घालूनही फरक पडला नव्हता. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना लावायच्या लॉकटाइट या चिकट द्रवाचा निळा प्रकार, २४३, घरात होताच. परंतु एवढ्या बारीक स्क्रूला ते जरुरीपेक्षा घट्ट धरते आणि उघडताना डोक्यावरची खाच झिजण्याची भीती राहते, म्हणून जांभळे २२२ घेतले. लाल २६३ चा विचारही करू नये, कारण ते सोडवण्यासाठी स्क्रू सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो.

हे द्रव हवेने सुकत नाही, उलट धातूच्या आट्यांत हवा मिळेनाशी झाली की घट्ट होते. बाटली मुद्दाम अर्धवट भरलेली असते ती त्यामुळेच (मला आधी दुकानदाराचाच संशय आला होता). आट्यांवरचे मशीनचे तेल नीट पुसून एकच थेंब लावला आणि मशीन २४ तास बंद ठेवले. चार महिन्यांत एकही स्क्रू हलला नाही, तरीही परवा पट्टा बदलताना ते साध्या पेचकसाने निघाले. मात्र प्लॅस्टिकच्या झाकणाजवळ हे लावू नये. काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.