चाळीस मीटरचा तयार डायपोल: तार खणखणीत, दोरी कुचकामी

नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या घराची गच्ची तीस बाय चाळीस फूट. हॅम रेडिओसाठी, म्हणजे हौशी वायरलेससाठी, डायपोल लावायचा होता: मधून दोन बाजूंना ताणलेल्या तारेचा अँटेना. सात मेगाहर्ट्झची लहर साधारण चाळीस मीटरची, डायपोल तिच्या निम्मा, म्हणजे जवळपास वीस मीटर तार, सरळ ताणायला जागाच नाही. म्हणून मधोमध अठरा फुटांचा जीआय पाइप उभा करून उलटा व्ही केला. एक टोक पाण्याच्या टाकीच्या कठड्याला, दुसरं शेजारच्या कडुनिंबाला. रस्त्याच्या बाजूने विजेची लाईन जाते, तिकडे तोंडच केलं नाही. तार तुटून तिच्यावर पडली तर खेळ खलास.

किट ऑनलाइन मागवलं, चोवीसशेला. कंपनीचं नाव लिहीत नाही.

बालून, म्हणजे केबल आणि तारेच्या दोन बाजू जिथे जुळतात तो मधला जोड, मात्र मस्त निघाला. एकास एकचा, चांगल्या डब्यात, झाकणाखाली रबरी गॅस्केट. कनेक्टर कोअॅक्सला, म्हणजे रेडिओकडे जाणाऱ्या केबलला, घट्ट बसतो, वर टेप गुंडाळला आणि केबलला खाली एक लोंबता वळसा दिला की पाणी आत शिरत नाही. तारही जाड, पीव्हीसी आवरणाची, वेटोळं सोडताना पीळ पडत नाही.

माहितीपत्रकात लिहिलंय, "७.१ मेगाहर्ट्झसाठी अचूक कापलेली". मोजलं तर प्रत्येक बाजू १०.०७ मीटर, दोन्ही मिळून २०.१४, म्हणजे १४३ भागिले फ्रिक्वेन्सी हा सरळ हिशेब. पण तो हिशेब उघड्या तारेचा. पीव्हीसीचं आवरण असलं की तार थोडी आखूड लागते, आणि उलट्या व्हीची टोकं खाली झुकल्याने अजून थोडी. नॅनोव्हीएनए हे अँटेना तपासायचं छोटं यंत्र लावलं तर रेझोनन्स, म्हणजे अँटेना जिथे नेमका जुळतो ती फ्रिक्वेन्सी, ६.८९ वर! कापायची घाई केली नाही. दोन्ही टोकं साधारण तीस सेंटीमीटर मागे दुमडून तारेलाच पिळून ठेवली. आता ७.१ ला एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळतो त्याचं माप, एक म्हणजे उत्तम) १.३, आणि ७.० पासून ७.२ पर्यंत कुठेच दोनच्या वर जात नाही. लांब पाठवली हे बरंच झालं. आखूड असती तर जोड द्यावा लागला असता. पण मग "अचूक" कशाला म्हणायचं?

पाइप उभा करत होतो तेव्हा शेजारच्या काकू गच्चीवर आल्या. "काय जी, एवढ्या वर कपडे वाळू घालून राहिले का?" रेडिओचं सांगितलं, तर म्हणाल्या, "मग आमचा टीव्ही खराब होईन का?" अजून तरी झाला नाही. उलट त्यांच्या कूलरची मोटर सुरू झाली की माझ्याच रेडिओत घरघर येते.

सकाळी बेंगळुरू, हैदराबाद अगदी खोलीत बसल्यासारखे येतात. एवढ्या कमी उंचीवर सिग्नल बराचसा वरच जातो आणि परत देशातच उतरतो, मला तेच हवं होतं. विदेशाच्या मागे असलेल्यांनी दुसरं काही बघावं.

आता दोरीचं. सोबत आलेली पांढरी नायलॉनची दोरी फेब्रुवारीत लावली. मे महिन्यात नागपूरचं ऊन पंचेचाळीसपर्यंत गेलं आणि दोरीचा बोटांना भुगा लागायला लागला. वादळ आलं त्या रात्री कडुनिंबाकडचं टोक तुटून तार थेट कूलरवर. नशीब, ढग दिसले तेव्हाच विजांच्या धास्तीने रेडिओचा कोअॅक्स काढून ठेवला होता. इतवारीतून उन्हात टिकणारी काळी दोरी आणली, अजून शाबूत आहे.

विक्रेत्याला कळवलं. आठ दिवसांनी नवी दोरी आली, तीच पांढरी. ती काकूंना दिली. त्यांच्या व्हरांड्यात, सावलीत, कपडे वाळू घालायला बरी चालते.

पाचपैकी साडेतीन.