डॉकर कंपोज, कापसाच्या एका हंगामानंतर: लाइन गेल्यावर काय होतं?

आमची शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला आहे. हंगामात कापूस आणि तूर घेतो. काट्यावर गाडी चढली की वजनाची पट्टी निघते, ओलावा जास्त भरला तर कपात लागते आणि संध्याकाळी कास्तकारांच्या खात्यात टाकायच्या पैशांची यादी तयार होते. हे सांभाळणारं सॉफ्टवेअर चार तुकड्यांचं आहे: समोर एनजिनएक्स (ब्राउझरची मागणी ॲपकडे पोचवणारा सर्व्हर), त्यामागे पायथनमधलं वेब ॲप, त्याच्या मागे पोस्टग्रेस डेटाबेस, आणि एसएमएस पाठवणारा एक वर्कर. चारही ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर, उबुंटू लिनक्सवर, डॉकर कंपोजने चालतात. डॉकर प्रत्येक तुकडा 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतो, आणि कंपोज एका फाइलवरून असे सगळे डबे एकत्र उठवतो. रॅम आठ जीबी. अख्खा हंगाम त्यावर निघाला, तेव्हा आता अनुभव लिहायला हरकत नाही.

निकाल आधीच सांगतो: ठेवण्यासारखी वस्तू आहे. इन्स्टॉल करणं, फाइल लिहिणं, चालू करणं यात फार काही नाही. खरे प्रश्न लाइन गेल्यावर आणि परत आल्यावर सुरू होतात, आणि त्याबद्दल बहुतेक मार्गदर्शक गप्प असतात. ते लिहिणाऱ्यांच्या गावात लाइन जात नसावी.

सुरुवात करणाऱ्यांचा एक गोंधळ आधी मिटवतो. हे साधन मुळात 'फिग' नावाचं होतं. २०१४ मध्ये डॉकरने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि त्याचं कंपोज झालं. पहिली आवृत्ती पायथनमध्ये होती आणि आज्ञेत 'डॉकर' आणि 'कंपोज' यांच्या मध्ये हायफन होता. दुसरी गो भाषेत आहे आणि हायफनच्या जागी मोकळी जागा आहे. पहिलीच्या दुरुस्त्या जुलै २०२३ पासून बंद आहेत. हायफनवाली आज्ञा देणारा व्हिडिओ दिसला तर पुढे सरका. फाइलच्या डोक्यावरची 'व्हर्शन'ची ओळही आता लागत नाही, ठेवली तर नुसती सूचना दाखवते. उबुंटूवर टाकायचं ते डॉकर इंजिन, ते मुक्त परवान्याचं आहे. पैशांचा प्रश्न डॉकर डेस्कटॉपचा, आणि तोही मोठ्या कंपन्यांना.

आता मुद्द्याचं. हंगामाच्या ऐन गर्दीत काट्यावरच्या पोराचा फोन:

"भाऊ, लाइन आली, पण पट्टी निघून नाही राहिली."

"स्क्रीनवर काय दिसते?"

"पाचशेदोन."

पाचशेदोन म्हणजे एनजिनएक्स उठलाय, पण त्याच्या मागचं ॲप उत्तर देत नाही. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि फाइलमध्ये तर 'डिपेंड्स-ऑन' (कोण कोणाच्या नंतर उठायचं ते) नीट लिहिलेलं, तेही 'सर्व्हिस हेल्दी' या अटीसकट. म्हणजे पोस्टग्रेस तयार झाल्याशिवाय ॲप सुरूच व्हायला नको. मग असं का?

कारण ती अट पाळतो कंपोज, आणि तीही तुम्ही 'अप' ही सुरू करायची आज्ञा द्याल तेव्हाच. लाइन येऊन मशीन उठली की कंटेनर उठवतो डॉकरचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, आणि तोही फक्त 'रीस्टार्ट'चं (बंद पडलेलं परत उठवायचं की नाही याचं) धोरण पाहून. त्याला कोणी कोणाच्या आधी उठायचं याचं सोयरसुतक नाही. मुकादम हजर असला की मजूर सांगितलेल्या क्रमाने कामाला लागतात. मुकादमच आला नाही तर ज्याला जशी जाग येईल तसा तो वावरात पोचतो. लाइन गेल्यावर पोस्टग्रेसला आधी आपल्या लॉगवरून अर्धवट राहिलेलं काम सावरावं लागतं, त्यात थोडा वेळ जातो. तेवढ्यात ॲपने दार ठोठावलं, उघडलं नाही, आणि ते तिथेच बसून राहिलं. प्रोसेस जिवंत होती, म्हणून डीमनच्या लेखी सगळं आलबेल.

यातला आणखी एक गैरसमज मी बऱ्याच जणांकडून ऐकला: हेल्थचेक (कंटेनर ठीक आहे का ते बघणारी तपासणी) लावला की बिघडलेला कंटेनर आपोआप रीस्टार्ट होतो. होत नाही. साध्या डॉकरमध्ये 'अनहेल्दी' हा नुसता शिक्का आहे. प्रोसेस मेली तरच रीस्टार्टचं धोरण जागं होतं. म्हणून उपाय उलटा निघाला. ज्यांनी ॲप बनवलं त्यांना सांगितलं की डेटाबेस मिळत नसेल तर थोड्या वेळाने सरळ मरून जा, ताटकळत बसू नको. आता ते मरतं, डीमन उठवतो, परत मरतं, परत उठवतो. दर वेळी मधलं अंतर दुप्पट होत जातं, पण मिनिटाच्या वर जात नाही. पोस्टग्रेस सावरला की गाडी रुळावर. पाचशेदोन आताही दिसतो, पण पोरगा चहा सांगेपर्यंत जातो. ज्यांना क्रम हवाच आहे त्यांनी रीस्टार्ट बंद ठेवून सिस्टमडीकडून (मशीन उठताना उबुंटूवरच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) 'अप' चालवावं. मग भर दुपारी एखादा कंटेनर पडला तर तो उठवायची सोय वेगळी करावी लागेल.

रीस्टार्टचं धोरण 'ऑलवेज' घ्यावं की 'अनलेस-स्टॉप्ड' हा प्रश्नही याच पोटातला. बहुतेक ठिकाणी दुसरं सुचवतात. पण आमच्याकडे संध्याकाळी काटा बंद करताना पोरगा 'स्टॉप' देऊन मशीन बंद करतो, ते योग्यच आहे. 'अनलेस-स्टॉप्ड' असेल तर ते हाताने थांबवलेलं डॉकर लक्षात ठेवतो आणि सकाळी काहीच उठत नाही. आमच्यासारख्यांना 'ऑलवेज'च.

थांबवायला इतका वेळ का लागतो, हेही पोराने विचारलं होतं. इन्व्हर्टर रडत असताना प्रत्येक सेकंद मोठा वाटतो. थांबवताना कंपोज आधी 'आवरून घे' असा इशारा पाठवतो, दहा सेकंद थांबतो, आणि मग सरळ मारतो. ॲप दर वेळी पूर्ण दहा घेत असेल तर समजायचं की इशारा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. इमेजमध्ये (कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्यात) ॲप सुरू करायची आज्ञा साध्या ओळीत लिहिली की मध्ये शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम, येऊन बसतं आणि इशारा स्वतःकडेच ठेवतं. चौकटी कंसातली, अवतरण चिन्हांची यादी करून लिहिली की मधला माणूस जातो. आमचं ॲप आता लगेच थांबतं. पोस्टग्रेसला मात्र घाई करू नका. त्याला 'स्टॉप ग्रेस पीरियड' एक मिनिट दिलाय.

तारखेचा प्रकार तर मजेशीर. कापसाच्या गाड्या रात्रीच येऊन लागतात, पहाटे चारला पहिलं वजन होतं. सुरुवातीला त्या पट्टीवर आदल्या दिवसाची तारीख येत होती आणि सकाळचा हिशोब जुळत नव्हता. कंटेनरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्या साडेपाच तास मागे. पहाटेचे चार म्हणजे त्याच्यासाठी आदल्या रात्रीचे साडेदहा. 'टीझेड' या वेळेच्या सेटिंगमध्ये एशिया/कोलकाता लिहिलं, ॲपच्या सेटिंगमध्येही तेच केलं, आणि अकाउंटंट काकाजी शांत झाले. उन्हं वर आल्यावर खरेदी सुरू करणाऱ्याला ही भानगड कधी दिसणारच नाही.

बाकीचे प्रश्न पटापट. ॲपला पोस्टग्रेस 'लोकलहोस्ट'वर सापडत नाही, कारण कंटेनरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. तिथे सर्व्हिसचं नाव लिहा. फाइल बदलून 'रीस्टार्ट' दिलं तर बदल लागत नाही, 'अप -डी' द्यावं लागतं. पोस्टग्रेसचा पासवर्ड फाइलमध्ये बदलला तरी आत जुनाच राहतो, कारण तो फक्त डेटाची जागा रिकामी असताना, पहिल्यांदाच वाचला जातो. कंपोजची फाइल यॅमल या पद्धतीने लिहितात, तिच्यात टॅब चालत नाही, स्पेसच लागते. पोर्टच्या जोड्या अवतरण चिन्हांत ठेवा.

सांभाळून वापरायची गोष्ट एकच: 'डाउन -व्ही'. नुसतं 'डाउन' कंटेनर आणि नेटवर्क काढतं, डेटा व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेरच्या साठवणीत) सुरक्षित राहतो. मागे ते 'व्ही' लागलं की व्हॉल्यूमही जातात, म्हणजे हंगामाची खरेदी गेली. ती आज्ञा काट्यावरच्या कागदावर लिहिलेलीच नाही. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) 'पीजी-डम्प', म्हणजे डेटाबेसची प्रत, निघतो आणि पेनड्राइव्हवर जातो. क्रॉनमध्ये 'एक्झेक' (चालू कंटेनरच्या आत आज्ञा चालवणं) ला मोठ्या अक्षरातला 'टी' हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर तो समोर टर्मिनल शोधत बसतो आणि बॅकअप होत नाही. फाइल खरंच भरली की नाही हे आकार बघून तपासा.

नाराजी दोन. पहिली लॉगची. मूळ सेटिंगमध्ये कंटेनरचे लॉग वाढतच जातात, कापले जात नाहीत. छोट्या डिस्कच्या मशीनवर हे ठेवणं म्हणजे पायावर धोंडा. 'मॅक्स-साइझ' आणि 'मॅक्स-फाइल' पहिल्याच दिवशी टाका. जुन्या कंटेनरला ते लागू होत नाही, तो नव्याने बनवावा लागतो. दुसरी फायरवॉलची. उबुंटूची फायरवॉल, यूएफडब्ल्यू, लावली म्हणून निश्चिंत होऊ नका. कंपोजने उघडलेला पोर्ट तिला वळसा घालून बाहेर दिसतो. डेटाबेसचा पोर्ट मुळात उघडायची गरजच नसते. उघडायचाच असेल तर पुढे १२७.०.०.१ लावा, म्हणजे तो फक्त त्याच मशीनवरून दिसेल. इतकी महत्त्वाची गोष्ट नवख्याला पहिल्या पानावर सांगितलेली नसते, याचा मला राग आहे.

नेटचं रडगाणं सगळ्यांचंच आहे, म्हणून एक सोय सांगतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इमेज उतरवण्यापेक्षा यवतमाळला चांगल्या नेटवर उतरवायची, 'सेव्ह' करून पेनड्राइव्हवर घ्यायची, इथे 'लोड' करायची. इमेज मशीनवर आधीच असेल तर 'अप' ती परत ओढत बसत नाही. याच कारणाने नवी आवृत्तीही आपोआप येत नाही, 'पुल' म्हणावं लागतं, आणि हंगामात ते आमच्या पथ्यावरच पडतं.

एकच मशीन आणि एकच प्रोग्राम असेल तर याच्या नादी लागू नका. आमच्यासारखे तीन-चार तुकडे असतील, आणि उद्या डेस्कटॉप जळाला तर दुसऱ्यावर त्याच दिवशी उभं करायचं असेल, तर घ्या.

इमेजच्या आवृत्तीच्या जागी 'लेटेस्ट' कुठेच लिहू नका, पोस्टग्रेसला तर नाहीच; मुख्य आवृत्ती बदलली की जुनी डेटा फाइल नव्याला वाचता येत नाही आणि कंटेनर उठतच नाही. आम्ही १६ वर थांबलोय. त्याला नोव्हेंबर २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, त्यामुळे घाई नाही. पेरणीच्या दिवसांत काटा बंद असतो, तेव्हा जुन्यातून डम्प काढून नव्या व्हॉल्यूममध्ये भरून बघू.