हरिमन-९९ सफरचंद बाल्कनीत, १४ महिन्यांनंतर: आधी कलमाची पट्टी बघा

परवा सेलरचा परत मेसेज आला, रोपाला रेटिंग द्या म्हणून. मी पहिल्या दोन महिन्यांतच पाच स्टार देऊन मोकळा झालो होतो, ते आज काढून टाकले आणि म्हटलं आता नीट सगळंच लिहू, कारण माझ्यासारखे अजून कितीतरी लोक हीच चूक करत असणार आणि वर पाणी जास्त झालं म्हणून स्वतःलाच दोष देत बसणार.

जातीबद्दल जास्त सांगत नाही. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियालाचे हरिमन शर्मा, ज्यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली, त्यांची ही कमी थंडीची जात. नेहमीच्या सफरचंदाला ७ अंशांच्या आसपासची किंवा त्याखालची थंडी हजारेक तास लागते आणि आपल्याकडे सांताक्रूझचा नीचांकच ७.४ आहे, तोही १९६२ च्या जानेवारीतला. म्हणजे ठाण्यात लावायचं तर हे, नाहीतर अ‍ॅना, नाहीतर डॉर्सेट गोल्डन, चौथं काही घेऊच नका.

माझी बाल्कनी पश्चिमेची, मानपाड्याला सातवा मजला, समोर येऊरचा डोंगर, दुपारी १ नंतर कडक ऊन. रोप ६५० आणि कुरिअरचे ९०, असे ७४० गेले. त्यामुळे कुंडीवर अजून पाच-सातशे घालायची माझी तयारी नव्हती. बिल्डिंगचं रंगकाम चालू होतं, तिथून २० लिटरची रिकामी बादली मागून आणली, खरवडून धुतली, बुडाला आठ भोकं पाडली. लाल माती, शेणखत, जाड रेती. कोकोपीट मुद्दाम नाही घातलं, आपल्या पावसात ते ओलं ते ओलंच राहतं. ही बादली आजही एकदम ओके आहे, पावसाळ्यात खालची ताटली काढली की पाणी साचत नाही. पिठ्या ढेकूण एकदा आला होता, कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी दोनदा मारलं, गेला. एवढंच.

रोप जानेवारीत आलं, पानं नसलेली काडीच असते ती, मुळं ओल्या शेवाळात गुंडाळलेली. फेब्रुवारीच्या शेवटी डोळे फुटले, मे पर्यंत छान हिरवंगार. पाच स्टार तेव्हाचे. घरी पाहुणे आले की आधी बाल्कनीत नेऊन दाखवायचो.

आता मुद्द्याची गोष्ट. मातीच्या वर चार बोटांवर कलमाचा जोड होता आणि त्यावर पांढरट प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळलेली. मला वाटलं ती तशीच ठेवायची असते, जोड हलू नये म्हणून. सोबत जो कागद आला त्यात खत कधी, पाणी किती, ऊन किती तास हे सगळं होतं, पट्टीबद्दल एक अक्षर नाही. मी तो कागद नंतर तीन वेळा वाचला, खरंच नाही.

जूनपासून पट्टीच्या बरोबर वर खोड फुगायला लागलं. टेंगूळ आल्यासारखं. मला वाटलं झाड दणकट होतंय. खाली मात्र खोड तेवढंच बारीक. गणपतीत वरची पानं पिवळी पडायला लागली, म्हणून मी पाणी कमी केलं, मग वाढवलं, मग थोडं शेणखत दिलं, काही फरक नाही. ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी विजा-वाऱ्यासकट पाऊस आला आणि झाड जोडावरच मोडलं. सकाळी बघितलं तर वरचा सगळा भाग रेलिंगला टेकलेला. पट्टी नखाने निघेना, ब्लेडने काढली. बोटात जुनी अंगठी रुतते ना तशी ती सालीत रुतली होती, सगळीकडून गोल खाच, आतलं लाकूड तपकिरी आणि ठिसूळ. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जातं, ते तिथेच अडत होतं, म्हणून वर फुगवटा. पाच महिने ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मला कळलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

देवगडला माझे मामा आहेत, आयुष्यभर हापूसची कोयकलमं केलेला माणूस. त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी झाड नीट बघितलंही नाही, पहिला प्रश्न, "अरे, पट्टी कधी सोडलीस?" म्हटलं, "मामा, सोडायची असते हेच माहीत नव्हतं." म्हणाले, "जोड बसून वरची फूट वाढायला लागली की उभी चीर देऊन सोडायची. तुला झाड देणाऱ्याने सांगायला पाहिजे होतं." मला तेच म्हणायचंय. ७४० रुपये घेता, कागद छापता, त्यात एक ओळ टाकायला काय जातं?

कस्टमर केअरशी अकरा दिवस चाललं. पहिलं उत्तर, पाणी जास्त झालं. मी पांढऱ्याशुभ्र मुळांचा फोटो पाठवला, सडलेलं एक मूळ नव्हतं. मग म्हणे रिप्लेसमेंट पहिल्या १० दिवसांतच. दहा दिवसांत पट्टी रुतत नाही हो, पाच महिन्यांनी रुतते! शेवटी त्यांच्या माणसाने सांगितलं, सर खाली नुसता क्रॅबअ‍ॅपलचा, म्हणजे रानसफरचंदाचा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड) उरलाय, त्याचा काही उपयोग नाही, नवीन घ्या.

इथे माझं मत बदललं. कारण त्याच आठवड्यात जोडाच्या खालून एक कोंब आला. असे कोंब आधीही यायचे, मी दरवेळी खुडायचो, खुंटाची फूट ठेवायची नाही हे मलाही माहीत होतं. यावेळी ठेवला. मग या झाडाबद्दल वाचलं. रानसफरचंद हिमालयातलंच, काश्मीर-हिमाचलात सफरचंदाची कलमं कितीतरी वर्षं याच्या रोपांवर बांधतात, आणि परदेशात परागीभवनासाठी मोठ्या बागांत मुद्दाम क्रॅबअ‍ॅपल लावतात. याला निरुपयोगी कसं म्हणायचं?

तीन महिन्यांत कोंब कमरेएवढा झाला. पानं आधीच्यापेक्षा लहान, कडेला बारीक दाते. मग वाचलं की इंडोनेशियात जावा बेटावर बाटू-मलंगकडे थंडी जवळपास नसतानाही सफरचंद पिकवतात, फळं काढली की झाडाची पानं हाताने ओरबाडून टाकतात, म्हणजे डोळे गाढ झोपेत जायच्या आतच फुटतात. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी तेच केलं, एकेक पान देठाला धरून खाली ओढून, साठेक पानं असतील. बायको म्हणाली, "जगलेलं झाड का मारतोयस?" मलाही धाकधूक होतीच. १९ व्या दिवशी शेंड्याचा डोळा फुटला, आत राखाडी लव असलेलं घडी घातलेलं पान, आणि आठवडाभरात खालपर्यंत सगळे. मी ऑफिसला उशिरा गेलो त्या दिवशी.

फुलं येतील असं मी म्हणत नाही, खुंटाला आपल्याकडची थंडी पुरायची नाही. पण मूळ जबरदस्त आहे. मामा म्हणालेत, पुढच्या हिवाळ्यात हरिमनची किंवा अ‍ॅनाची पान नसलेली काडी मिळव, मी ठाण्याला येऊन बांधून देतो, त्यासाठी खोड निदान पेन्सिलीएवढं जाड कर. आज मोजलं, झालंय.

रेटिंग: सेलरला १. झाडाला ५. आणि ज्यांच्याकडे असं रोप आलंय त्यांनी आजच वाकून जोड बघा, पट्टी असेल आणि वरची फूट वाढत असेल तर धारदार ब्लेडने उभी चीर द्या, फक्त प्लास्टिकला, सालीला लावू नका.