टेस्ट एकेक करून शिकायच्या की आधी लिनियर मॉडेल?

ऐरोली-महापेकडच्या आयटी कंपन्यांत डेटाच्या कामाला लागायचंय आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं करायचंय, तर हा प्रश्न पडतोच. माझा कौल लिनियर मॉडेलला आहे, म्हणजे एखादा आकडा बाकी कॉलमांच्या बेरजेतून मांडणाऱ्या समीकरणाला. ते आकड्यांवर बसवणं म्हणजेच रिग्रेशन. का, ते आकड्यांतच बघा.

समजा, घोडबंदर रोडवरून ऐरोलीच्या ऑफिसला ट्रान्सहार्बर लोकलने तीन दिवस ५८, ६०, ६२ मिनिटं लागली आणि कॅबने ७०, ७२, ७४. टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) केली तर फरक १२ मिनिटांचा, टी (फरक त्याच्या प्रमाण त्रुटीच्या किती पट) ७.३५. आता लोकलला ०, कॅबला १ असा कॉलम करून हेच आकडे रिग्रेशनला द्या. समीकरण येतं: वेळ = ६० + १२ × कॅब. ६० ही लोकलची सरासरी, १२ हा फरक, आणि त्या १२ समोरचा टी तोच, ७.३५. अनोव्हा (दोन किंवा जास्त गटांच्या सरासरींची तुलना) केली तर तिचा आकडा एफ येतो ५४, म्हणजे या टीचा वर्ग. नावं तीन, हिशोब एकच.

बाइक हा तिसरा पर्याय आला? ०-१ चा आणखी एक कॉलम, झाली अनोव्हा. पावसाचे दिवस वेगळे धरायचेत? अजून एक कॉलम. टेस्ट सुट्या शिकलेला माणूस इथे नव्या टेस्टचं नाव शोधत बसतो. शिवाय गृहीतकंही एकदाच शिकावी लागतात: नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र, उरलेल्या चुकांचा (खरा आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकांचा) पसारा सारखा आणि वाटप साधारण नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं.

मात्र सगळंच तंतोतंत जुळत नाही. 'आर' या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमधली टी-टेस्ट आपणहून वेल्चची पद्धत वापरते, जी गटांचा पसारा सारखा धरत नाही. गटांचा पसारा वेगवेगळा असेल तर तिचं उत्तर साध्या मॉडेलपेक्षा वेगळं येतं. स्पिअरमन सहसंबंध म्हणजे आकड्यांऐवजी त्यांच्या रँकवर (क्रमांकांवर) काढलेला नेहमीचा पिअर्सन सहसंबंध, हे अगदी खरं. पण १९४७ ची मॅन-व्हिटनी (दोन गटांची रँकवरून तुलना करणारी टेस्ट) रँकवरच्या रिग्रेशनशी जवळपासच जुळते, त्यामुळे नोंदी मोजक्या असतील तर मूळ टेस्टच वापरा. काय-स्क्वेअरसाठी (मोजण्यांच्या तक्त्यातला संबंध तपासणारी टेस्ट) लॉग-लिनियर मॉडेल, म्हणजे संख्यांच्या लॉगवर चालणारं मॉडेल लागतं, ते नंतर शिकलात तरी चालेल.

व्हायवा तोंडावर आलीय आणि प्रोजेक्टमध्ये दोनच गटांची तुलना आहे, तर टी-टेस्ट नीट समजून घ्या, तेवढं पुरेल. नोकरीसाठी शिकत असाल तर रिग्रेशनपासून सुरुवात करा आणि वरचे सहा आकडे स्वतः दोन्ही पद्धतींनी चालवून बघा.